रुखवतातला मासा

२४ जून १९९७, मंगळवार

सरकारी दैनंदिनीत आज लिहिलं, "सकाळी दवाखाना उघडला. घटसर्पाच्या लसी अकरा. इतर किरकोळ." त्या इतर किरकोळसाठी ही दुसरी वही काढावी लागली. औषध कंपनीच्या माणसानं दिलेली डायरी तीन वर्षं कपाटात पडून होती. तारखा १९९४ च्या आहेत, त्या खोडून लिहितोय.

मी या गावच्या जनावरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक. म्हणजे डॉक्टरांनी उपचार करायचे आणि मी जनावर धरायचं, पट्टी बांधायची. डॉक्टरांची जागा चार वर्षं रिकामी आहे. तालुक्याचे साहेब दर सोमवारी येतात असं बोर्डावर लिहिलंय, आणि बोर्ड चांगला रंगवलेला आहे. गाव मला सिद्धलिंग आप्पा म्हणतं. पूर्वी मलाच डॉक्टर म्हणायचं.

दुपारी दवाखान्यात चिटपाखरू नव्हतं. शिपाई शहादेव बाकावर आडवा. तेवढ्यात डोक्यावर पदर घेतलेली एक नवी नवरी आत आली. एका हातात दुधाची किटली, दुसऱ्या हातात पिशवीत काचेचं भांडं. म्हणाली, "आप्पा, मासा बघता का?"

मी म्हणालो, "बाई, इथं चार पायांची जनावरं बघतात. फार तर कोंबडी."

"बघा तरी," म्हणून तिनं किटलीचं झाकण काढलं. आत गढूळ हिरवं पाणी, आणि त्यात बोटाएवढा एक केशरी मासा एका कुशीवर कलंडलेला.

तिचं नाव वनमाला. माहेर बीडचं, बापाचं स्टँडजवळ घड्याळ दुरुस्तीचं दुकान. मे महिन्यात लग्न झालं. हल्ली रुखवतात काय मांडतील याचा नेम नाही. पूर्वी शेवया, पापड, कापसाच्या बाहुल्या असायच्या. हिच्या बापानं काचेच्या गोल भांड्यात जिवंत सोनेरी मासा मांडला. निम्मं वऱ्हाड नवरदेव सोडून मासा बघत होतं म्हणे. लग्न आटोपलं, मासा सासरी आला आणि भिंतीतल्या देवळीत जाऊन बसला. घरात चार म्हशी, कांद्याचे ढीग, त्यात पेरणीचे दिवस. बीडहून आलेली खाण्याची पुडी आठ दिवसांत संपली. मग कुणी भात टाकला, कुणी साखर. मुद्दाम वाईट कुणीच वागलं नाही, पण मासा कुणाचाच नव्हता.

"बाबा पंचमीला मला न्यायला येणार हायेत," ती म्हणाली. "दर पत्रात पैलं माशाचं इचारत्यात. मी लिवते, मजेत हाय. आप्पा, बाबा मला काय बी इचारायचे न्हाईत. माशाकडं बघतील आन् मी सासरी कशी हाय ते समजून जातील."

"मग कशी आहेस?"

"बरी हाय की. सासूबाई चांगल्या हायेत. पर मासा मेला तर ते कोन मानंल?"

मी केसपेपर काढला. पशूचा प्रकार या रकान्यात गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कुत्रा झाल्यावर "इतर" असतं, तिथं खूण केली. मालकाचं नाव विचारलं तर म्हणाली, "आश्रुबांची सून मी."

माझं पेन तिथंच थांबलं. आश्रुबा नऊ महिने माझ्याशी बोललेला नाही. मासा ठेवून घेतला. का घेतला ते मलाही सांगता येणार नाही.

२५ जून

क्वार्टर दवाखान्याच्या मागंच असल्यामुळं जगदेवीला कळायला वेळ लागला नाही.

"आवो, लिंगायताच्या दारात मासुळी? लोक काय म्हनतील?"

"पेशंट आहे तो."

"बैल पेशंट असतो, म्हस पेशंट असती. ह्येला लोक खात्यात!" गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून ती भांड्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आन् ह्ये कसलं शिळं पानी? दारी आलेल्याला असलं पानी देत्यात व्हय?" आणि स्वतःच जाऊन नळाचं ताजं पाणी घेऊन आली. आमच्याकडं नळ आला की पहिलं काम म्हणजे घरातलं शिळं पाणी ओतून टाकायचं. ऐन टँकरच्या दिवसांतही लोकांनी हा रिवाज सोडला नव्हता.

स्वच्छ पाण्यात मासा छान चमकला. माझं निदान बरोबर होतं, घाणीनं आजारी पडला होता.

२८ जून

मासा तळाशी बसून आहे. कल्ले भराभर हलतात. "पशुवैद्यक मार्गदर्शिका" चाळली. त्यात उंटावर दोन पानं आहेत, माशावर एक ओळ नाही.

सादिलात, म्हणजे किरकोळ खर्चाच्या सरकारी पैशात, झाडूपुरती रक्कम उरलीय. माशाचं खाणं बीडला मिळतं, पण जाऊन यायचं एसटीचं भाडंच त्याहून जास्त. आणि सरकारी कागदावर "मत्स्याहार" असं लिहून पाठवलं तर खुद्द साहेब चौकशीला येतील, तेही सोमवारीच. तेव्हा खडेमीठ चिमूटभर आणि कणकेची मोहरीएवढी गोळी. मीठ आमच्याच घरातलं.

ग्रामपंचायतीनं नळाच्या विहिरीत पावसाळ्याची जंतुनाशक पावडर टाकायला सुरुवात केलीय. नळाच्या पाण्याचा चहा पिववत नाही, तोंड धुताना डोळे चुरचुरतात. पण पाणी शुद्ध झालं हे महत्त्वाचं. माशाला तेच देतोय.

२ जुलै, बुधवार

आज पाणी दोनदा बदललं. तरी फरक नाही, उलट शेपटीच्या कडा झिजल्यासारख्या वाटतात. कुठं चुकतंय कळत नाही. मी याहून जास्त काळजी घेऊ शकत नाही. काचेवर पाण्याचा डागसुद्धा राहू देत नाही.

वनमाला सरपणाच्या निमित्तानं येऊन जाते. पदराच्या गाठीत भाकरीचा घास बांधून आणते. आज तिनं विचारलं, "जगंल का?" मी म्हणालो, "सरकारी दवाखाना आहे." हे काय उत्तर झालं! ती मात्र हसली.

७ जुलै, सोमवार

साहेब आले नाहीत. नळही आला नाही. पंचायतीची मोटर जळाली, आठवडाभर तरी सोय नाही म्हणतात. जगदेवीनं जिथं मिळेल तिथून दोन हंडे मिळवले आणि बजावलं, "ह्यातलं तुमच्या पाव्हन्याला एक थेंब देनार न्हाई."

पण सकाळी दवाखान्याच्या पायरीवर पितळी घागर भरून ठेवलेली! कुठल्यातरी शेतातल्या विहिरीचं गार, स्वच्छ पाणी. शहादेव बाहेर विडी ओढत होता. म्हणालो, "शहादेव, तू आणलीस?" त्यानं नुसता धूर सोडला. या माणसाला मी वीस वर्षं आळशी समजत होतो. चूक झाली माझी.

१० जुलै

मासा वर आला! सरळ पोहतोय, कणकेची गोळी पाण्यातच टिपली. मिठाचा गुण. अधूनमधून हळदही टाकली होती. घागर रोज पायरीवर असते, रिकामी केली की दुसऱ्या दिवशी पुन्हा भरलेली. शहादेवला दोन वेळा चहा पाजला. तो काही बोलत नाही. मोठ्या मनाची माणसं अशीच असतात.

१२ जुलै, शनिवार

आज सकाळी आश्रुबा समोरच्या रस्त्यानं शेताकडून आला, हात मोकळे हलवत. मला बघून मान फिरवली. एवढ्या सकाळी रिकाम्या हातानं इकडं काय काम होतं त्याचं, त्याला माहीत.

लिहूनच टाकतो. गेल्या पोळ्याच्या आधी चार दिवस त्याचा पांढरा बैल इथं आणला होता. ओला चारा खाऊन पोट फुगलेलं, नगाऱ्यासारखं. अशा वेळी डाव्या कुशीत सुई घालून वारा काढावा लागतो. मी शंभर वेळा पाहिलंय. पण ते डॉक्टरांचं काम. पट्टीबंधकानं सुई घालू नये, असा नियम आहे. मी एसटीडीच्या दुकानात जाऊन साहेबांना फोन लावत बसलो. पाऊण तासानं फोन लागला, तोवर बैल पडला होता. त्या वर्षी पोळ्याला आश्रुबानं एकच बैल मिरवला. तेव्हापासून गाव जनावरं घेऊन नेकनूरला खासगी माणसाकडं जातं.

नियम मी केलेला नाही. नियम म्हणजे नियम.

१७ जुलै, गुरुवार

आज घाईत लिहितोय, अक्षर वाकडं येईल.

सकाळी मोटर सुरू झाली. दहा दिवसांनी नळ आला म्हणून गावात दिवाळी. मी लसीकरणाला मळ्यात गेलो होतो. परत आलो तर जगदेवी खुशीत. "तुमच्या पाव्हन्याला ताजं भरलं बघा. दहा दिसांचं शिळं सगळं कढीपत्त्याला घातलं." पायरीवरची घागरही तिनं झाडालाच ओतली होती.

मासा पाण्याच्या वर तोंड काढून हवा गिळत होता. कल्ले लाल. बघता बघता उलटा व्हायला लागला. मी मीठ टाकलं. हळद टाकली. काही नाही.

साहेबांना फोन लावावा असं मनात आलं. एसटीडीच्या दुकानाच्या दिशेनं चार पावलं टाकलीसुद्धा.

दारात भिवराबाईची म्हैस उभी होती, खुराला लागलं म्हणून आणलेली. जगदेवीनं तिच्यापुढं नळाची बादली ठेवली. म्हशीनं नाक लावलं, फुर्र केलं आणि मान फिरवून सरळ अंगणातल्या सिमेंटच्या हौदाकडं गेली. हौदातलं पाणी पंधरा दिवसांचं, वर पालापाचोळा. ते ती घटाघटा प्याली.

तीस वर्षं जनावरांकडं बघतोय मी. वाकून भांड्याचा वास घेतला तेव्हा माझे डोळे चुरचुरले. मग सगळंच दिसलं. मीठ नव्हे, हळद नव्हे. दहा दिवस त्याला बिनपावडरीचं विहिरीचं पाणी मिळालं म्हणून तो जगला, आणि त्याआधी मी रोज प्रेमानं ताजी पावडर पाजत होतो.

कुणाला विचारत बसलो नाही. ओंजळीत मासा घेतला आणि पळत जाऊन हौदात सोडला. भिवराबाई ओरडली, "आप्पा, म्हस गिळंल की!" म्हैस ओढून बाजूला केली आणि हौदाच्या काठावर बसलो. मासा तळाला गेला, दिसेना. जगदेवी शेजारी येऊन उभी राहिली. तिचा चेहरा एवढासा झालेला. म्हणाली, "मला वाटलं पाव्हन्याला शिळं कावून द्यावं." मी म्हणालो, "मलाही तेच वाटत होतं."

तास गेला. मग पालापाचोळ्याखालून केशरी काहीतरी सरकलं.

१८ जुलै

जिवंत आहे.

२३ जुलै, बुधवार

मासा हौदातच ठेवलाय, भांडं वनमाला परत घेऊन गेली. एवढी जागा त्याला जन्मात मिळाली नसेल. मी पाटी लावली: "या हौदात जनावरांना पाणी पाजू नये. आत पेशंट आहे." पाटी वाचायला माणसं येतात, आणि नुसतं कसं यायचं म्हणून कुणी शेळी आणतं, कुणी वासरू. नुसती गर्दी. पूर्वी कसं शांत होतं. काल रजिस्टरला नऊ जनावरं, आज चौदा. लसी संपल्या म्हणून मागणीपत्र लिहावं लागलं. माशापायी माझी दुपारची झोप गेली.

एक धर्मसंकटही उभं राहिलं. हौदात डासांच्या अळ्या होत्या, त्या आता नाहीत. मासा फुगीर आणि झळझळीत दिसतो. म्हणजे खाणं फुकट मिळालं हे खरं, पण लिंगायताच्या देखरेखीखाली जीवहत्या चालू आहे हेही खरं. जगदेवीला विचारलं. ती बराच विचार करून म्हणाली, "तुमी चारल्या का? न्हाई ना? मग त्यो आन् त्येचं नशीब." आता ती सांजेला हौदाजवळ बसून पालेभाजी निवडते आणि त्याच्याशी बोलते. माझ्याशी एवढी बोलत नाही.

रोज सकाळी मी यायच्या आत कुणीतरी हौदात घागरभर विहिरीचं पाणी ओतून जातं. काठ ओला असतो. शहादेवला आज सरळ म्हणालो, "तुझे उपकार मी विसरणार नाही." तो म्हणाला, "साहेब, मग शुक्रवारची सुट्टी मांडा." मांडली.

२८ जुलै, सोमवार

साहेब आले! खरोखर आले. पाटी वाचली, हौदात बघितलं, म्हणाले, "हे काय?" मी सांगितलं, "इतर." त्यांनी रजिस्टर बघितलं, महिन्याचा आकडा दोनदा मोजला, माझ्याकडं बघितलं आणि चहा मागितला. जाताना मासा पुन्हा बघून गेले.

४ ऑगस्ट, सोमवार

वनमाला धावतच आली. बापाचं पत्र आलंय, गुरुवारी संध्याकाळच्या गाडीनं येणार, शुक्रवारी पंचमी. ठरलं असं: गुरुवारी चार वाजता तिनं यायचं, भांड्यात विहिरीचं पाणी भरून मासा न्यायचा, आणि बाप यायच्या आत तो देवळीत, जसा काही कुठं गेलाच नव्हता.

"सासऱ्यांना ठाऊक न्हाई ना आप्पा? त्यांना कळलं की तुमच्याकडं ठिवलाय..."

"मी कशाला सांगतो? ते माझ्याशी बोलतच नाहीत."

ती म्हणाली, "घरात बी लई बोलत न्हाईत. पर परवा सासूबाईला म्हनले, देवळी पुसून ठिव."

आश्रुबाला स्वच्छतेची आवड आहे हे मला माहीत नव्हतं.

७ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी घागर ओतलेली नव्हती, काठ कोरडा. म्हटलं, शहादेवला आज उशीर झाला असेल.

साडेअकराच्या गाडीनं एक माणूस फाट्यावर उतरला आणि जवळजवळ पळतच दवाखान्यात शिरला. पांढरी टोपी, खांद्याला पिशवी, आणि दोन्ही हात शर्टाच्या आत पोटाशी धरलेले. मला वाटलं पोट दुखतंय, माणसांचा दवाखाना समजून आलाय. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "भाऊ, ह्या हौदातलं पानी किती दिसाचं हाय?"

असला प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. म्हणालो, "जुनं आहे. विहिरीचं."

"देव पावला!" म्हणत त्यानं शर्टातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत थोडं पाणी आणि बोटाएवढा केशरी मासा, तोंड उघडून. "नेकनूरला टायर बसलं, दोन तास गेले. पानी तापलं."

दोघांनी मिळून पिशवी हौदात धरली. तो म्हणाला, एकदम सोडू नका, आधी पिशवीच थंड होऊ द्या. मग तोंड सोडलं. मासा बाहेर आला, जरा डगमगला. आणि आमचा पाहुणा खालून वर आला, नवा कोण ते बघायला.

तो माणूस वाकलेलाच राहिला. "ह्यो कुनाचा?"

मला खोटं चांगलं बोलता येत नाही. म्हणालो, "सरकारी आहे."

"शेपटीला पांढरा ठिपका हाय," तो म्हणाला. "बीडात म्हैनाभर रोज म्या पानी बदलत हुतो ह्येचं." आणि हौदाच्या काठावर मटकन बसला. तेव्हा कळलं की हा राधाकिशन, वनमालाचा बाप. संध्याकाळऐवजी सकाळच्याच गाडीनं आला होता.

टोपी काढून मांडीवर ठेवत म्हणाला, "म्या धरूनच चाललो हुतो भाऊ, की आठ दिसात मेला असंल. शेतकऱ्याचं घर, कोन बघनार? पोरगी लिवायची, मजेत हाय. म्या समजायचो, लेक बापाचं मन राखती. म्हनून ह्यो दुसरा आनला. लौकर पोचायचं, कुनाच्या ध्यानात यायच्या आत भांड्यात सोडायचा, आन् म्हनायचं, आरं वा, मासा लई मजेत हाय की. म्हंजे तिला खाली मान घालावी लागनार न्हाई."

जगदेवी मागच्या दारात उभी होती, ती पदर डोळ्याला लावून आत गेली.

तेवढ्यात फाटकातून आश्रुबा आला. खांद्यावर पितळी घागर. आम्ही हौदाच्या पलीकडच्या काठावर, मधे कडुनिंबाचा बुंधा, त्यामुळं त्याला दिसलो नाही. सरळ हौदापाशी आला, बेतानं एका कडेनं पाणी सोडलं आणि वाकून म्हणाला, "तुला पानी द्यायला आज उशीर झाला रं." मग त्याला दोन मासे दिसले. मग आम्ही दोघं दिसलो.

शहादेव बाकावर झोपला होता. मी त्याच्याकडं बघितलं. त्याला मी आतापर्यंत किती चहा पाजले!

राधाकिशन उठला. "इवाई, तुमी पानी आनता?"

आश्रुबा पकडला गेल्यासारखा उभा. "त्या पावडरीच्या पान्याला माझ्या म्हशी तोंड लावीत न्हाईत. ह्यो तर एवढासा जीव." मग घागर खाली ठेवून म्हणाला, "सून किटली घिऊन निघाली त्या दिशीच बघितलं म्या. घरात नव्या पोरीचं एकच मानूस हुतं आन् ते बी देवळीत. आमाला सुधरलं न्हाई. आता इचारावं तर तिला वाईट वाटंल, म्हनून गप बसलो."

"आन् आप्पाला तरी सांगायचं की, पानी बदला म्हनून."

"ह्यांच्याशी बोलत न्हाई मी," आश्रुबा म्हणाला. राधाकिशन हसला, आणि मग आश्रुबालाही मिशीत हसू आवरेना.

चार वाजता वनमाला भांडं घेऊन आली आणि फाटकातच थबकली. हौदाकाठी बाप, सासरा आणि मी ओळीनं बसलेलो. तिच्या तोंडचं पाणी पळालं. "बाबा, ते... मासा मजेतच हाय, जरा मोकळ्या हवेला म्हनून इथं..."

"दिसतंय की बाई," राधाकिशन म्हणाला. "एकटा किती दिस ऱ्हायचा, म्हनून त्येला जोडीदार आनलाय." एवढं बोलून त्यानं आम्हा दोघांकडं बघितलं. आम्ही माना डोलावल्या. आश्रुबानं तर "बरं केलं" असंही म्हटलं. ती हौदात वाकून दोन्ही मासे बघत राहिली आणि मग एकदम हसायला लागली. हसता हसता रडलीही थोडी, पण ते बापाला बघून असावं.

दोघं बापलेक दोन्ही मासे भांड्यात घेऊन पुढं गेले. आश्रुबा घागर घ्यायला मागं राहिला. शहादेव बाकावर झोपलेला, जागे आम्ही दोघंच. त्यानं घागर उचलली आणि मला समजलं की आत्ता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही.

म्हणालो, "आश्रुबा, तो बैल माझ्यामुळं गेला. सुई माझ्या हातात होती. नियमाचं काही नव्हतं, मी भ्यालो होतो."

त्यानं घागर परत खाली ठेवली.

"ठाऊक हाय मला," तो म्हणाला. "तुमाला ठाऊक हाय का न्हाई, त्येचीच वाट बघत हुतो."

मग बाकावर शहादेवचे पाय बाजूला सारून तो बसला. म्हणाला, नवा बैल घेतलाय, डाव्या खांद्याला गाठ आलीय, पोळ्याच्या आत बघायला पाहिजे. सोमवारी साहेब येतात का, असं त्यानं विचारलं नाही. मी म्हणालो, उद्या पंचमी आहे, परवा सकाळी आणा. जगदेवी चहा घेऊन आली, आणि आम्ही बराच वेळ बैलाविषयी बोलत बसलो.